बिऱ्हाड कुठे करायचं?

स्मरणिका समितीने सोसायटीचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर सोपवलं तेव्हा मी जरा टाळाटाळच केली. भूखंड, बिल्डर, नोंदणी, पाण्याची जोडणी आणि अजून अर्धवट राहिलेलं अभिहस्तांतरण हे सगळं सचिवांच्या अहवालात आलेलं आहे आणि कागदपत्रंही त्यांच्याकडेच आहेत. तेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून त्याच्याही आधीचा प्रश्न घेतो. आपल्यापैकी बहुतेक जण, किंवा आपले वडील-आजोबा, नोकरीसाठी मुंबईकडे आले. नोकरी मिळाल्यावर बिऱ्हाड कुठे करायचं, बायकामुलांना कोणत्या वस्तीत आणायचं, हे त्यांनी कसं ठरवलं?

नोकरीतली शेवटची काही वर्षं मी गृहकर्जाच्या टेबलावर होतो. कर्जाच्या अर्जात पगार, वय, जामीनदार, आधीची कर्जं सगळं विचारलेलं असतं. 'हीच वस्ती का?' असा रकाना मात्र नसतो. पण अर्जदार, विशेषतः जोडीने आलेले, न विचारता तेच सांगत. "शाळा चालत जायच्या अंतरावर आहे." "हिला यायला रात्र होते, पण रस्त्याला वर्दळ असते." "आमच्या गावची चार घरं आहेत तिथे." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "वस्ती चांगली आहे हो!" या 'चांगली' शब्दात प्रत्येक काळाने काय काय भरलं, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवातीला तर वस्ती निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कुटुंब गावालाच असायचं. गिरणीत लागलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस एकटा यायचा आणि गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि झोपायचं पाळीपाळीने. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीचा उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायका बहुतेक गिरणगावातल्याच. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याच्या लोकांची अशीच व्यवस्था धोबीतलाव-माझगावकडे होती. तिला ते 'कूड' म्हणत. एकेका गावाचा एकेक कूड, भिंतीशी देव्हारा, कडेला ट्रंका. बोटीवरचा खलाशी दोन फेऱ्यांच्या मधले दिवस तिथे काढायचा. कूड काय किंवा गावकीची खोली काय, बाईमाणसांना तिथे जागा नव्हती. घरच्यांची सुरक्षितता म्हणजे गाव, आणि शहर म्हणजे पगार, अशी सरळ वाटणी होती.

बायकामुलं शहरात असणाऱ्यांना वस्तीचा विचार करायला लावला तो प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने शहर सोडून निघाले. रोग मुख्यतः दाटीच्या, अंधाऱ्या, उंदीर झालेल्या घरांत पसरत होता. सरकारलाही धसका बसला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने बांधलं नंतर, पाडलं आधी. जुन्या वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, म्हणजे समुद्राची हवा आत येईल. आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे शेतं-वाड्यांच्या जागी आखीव भूखंड पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल ही सगळी त्या आखणीची फळं. आजही दादरच्या त्या गल्ल्यांतून चालताना दोन इमारतींमधली मोकळी जागा आणि रस्त्याकडेची झाडं बघा. ती शोभेसाठी ठेवलेली नाहीत, त्यामागे प्लेगची भीती आहे. त्या पिढीची माणसं जागा बघायला गेली की पहिल्यांदा खिडकी उघडून 'हवा कशी आहे' विचारायची, ती सवय तिथली.

पण नुसत्या हवेवर माणूस राहत नाही, हे सरकारला लवकरच कळलं. १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी, ज्यांचा पुनर्विकास आता चालू आहे. पक्कं काँक्रीटचं बांधकाम, मजल्यावर नळ. तरीही सुरुवातीला, विशेषतः वरळीला, खोल्या मोठ्या संख्येने रिकाम्या पडल्या. गिरण्या लांब, बाजार नाही, उधारीवर देणारा वाणी नाही आणि ओळखीचा माणूस नाही. पगाराआधीच्या आठवड्यात कामगाराचं घर वाण्याच्या उधारीवर चालायचं. अनोळखी वस्तीत त्याला उधार कोण देणार? मी बँकेतला माणूस असल्यामुळे असेल कदाचित, पण हे कारण मला फार पटतं. माणूस खोली बघताना तिथे आपली पत किती, हेही बघतो. पन्नास वर्षांनी खाडीपलीकडे वाशीला सिडकोने घरं बांधली तेव्हा तिथेही सुरुवातीला लोक जायला तयार नव्हते. सिडको स्थापन झाली १९७० साली आणि लोकल वाशीला पोचली १९९२ साली; मधल्या काळात तिथे राहायला गेलेल्यांना आमच्या बँकेत आम्ही चेष्टेने 'काळ्या पाण्यावरचे' म्हणत असू. आज त्यांच्या जागेची किंमत ऐकली की आम्हीच गप्प बसतो.

सरकारला जे जमलं नाही ते जमवण्याचा एक मार्ग मध्यमवर्गीय नोकरदारांनी स्वतः काढला होता, आणि त्या मार्गाने आपण आज इथे आहोत. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात इथून धरतात. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. कल्पना साधी होती. कारवार-मंगळूरकडून कारकुनीसाठी आलेल्या एकेकट्या कुटुंबाला घरमालकाशी घासाघीस करता येत नाही. ती करायची तर सगळ्यांनी मिळून, आणि मग घरमालकच नको. भागभांडवल, समिती, इतिवृत्त, देखभाल वर्गणी हे आपले रोजचे शब्द तिथून सुरू झाले. पुढे १९२५ चा मुंबई प्रांताचा कायदा आला आणि मग १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, ज्याच्याखाली आपली नोंदणी आहे. माटुंग्याला दक्षिणेकडून कारकून, टंकलेखक म्हणून आलेल्यांनी तेच केलं, फक्त क्रम थोडा वेगळा. आधी जेवणाची सोय, मग देऊळ, शाळा, सभागृह. १९४२ पासून चालू असलेलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग अजून स्टेशनसमोर आहे. केळीच्या पानावर तिथे जेवताना मला नेहमी वाटतं की माटुंगा 'चांगली वस्ती' का झाली, याचं अर्धं उत्तर या पानावर आहे.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला सुखाचा आहे. जिथे आपली माणसं, तिथे बिऱ्हाड. पण 'आपली' म्हटलं की कुणीतरी बाहेर राहतोच, आणि तो बाहेरचा माणूसही नोकरीसाठीच आलेला असतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९१७ सालच्या बडोद्याचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण अर्धं ठेवून, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले. नेमणूक होती महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून. नोकरी हातात, पदव्या हातात, पण राहायला जागा नाही. हिंदू खाणावळीत शिरकाव नाही. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. त्यांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने नोकर निघून जातील म्हणून सांगितलं, दुसऱ्याने बायकोला विचारायला हवं म्हणून. दोन्ही नकार अगदी सभ्य भाषेत. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला आणि मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मुंबईत त्यांचं बिऱ्हाड होतं परळच्या पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळीत. बी.आय.टी. म्हणजे मघाशी सांगितलेला तोच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. बॅरिस्टर झाल्यावर, कायदेमंडळाचे सदस्य झाल्यावर, गोलमेज परिषदेला जाऊन आल्यावरही त्यांचं कुटुंब चाळीतल्या त्या दोन खोल्यांतच राहत होतं. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. म्हणजे प्लेगमुळे जन्मलेल्या एकाच योजनेच्या दोन टोकांना ते राहिले. बडोद्याच्या त्या दिवसाची मी अनेकदा बँकेच्या नजरेने कल्पना केली आहे. अर्जदार उच्चशिक्षित, संस्थानची पक्की नोकरी, दरमहा निश्चित पगार. कुठलीही बँक डोळे मिटून कर्ज देईल, असा माणूस. आणि वस्तीने त्याला अकरा दिवससुद्धा ठेवून घेतलं नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपल्यातल्या ज्येष्ठांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुने भाडेकरू वाचले, पण नव्याने येणाऱ्याला गिरगाव-दादरची दारं पागडीशिवाय बंद झाली. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती वाढली, आणि माझ्यासारखे शेकडो पदवीधर एस.टी.ने मुंबईत उतरले. मी १९७३ साली चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून आलो. पहिली दोन वर्षं लालबागला मामांच्या खोलीत, गॅलरीत झोपून काढली. लग्न ठरलं तेव्हा शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सल्ला दिला. "पगार बघून स्टेशन ठरव, आणि बायकोला विचारून गल्ली ठरव."

पगाराने डोंबिवली ठरली. गल्ली ठरवायला सौभाग्यवती आणि तिची आई गेल्या. मी सोबत पिशवी धरून होतो. घरमालकाशी त्यांनी जेमतेम दोन मिनिटं बोलणं केलं. मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत दळण टाकायला आलेल्या बायकांशी अर्धा तास. नळ किती वाजता येतो, किती वेळ टिकतो. डॉक्टर रात्री दार उघडतात का. शाळेला जाताना पोरांना रूळ ओलांडावे लागतात का. संध्याकाळी सातनंतर स्टेशनवरून येताना रस्त्यात दिवे असतात का, आणि दुकानं कितीपर्यंत उघडी असतात. शेवटचे दोन प्रश्न तिचे स्वतःचे होते, कारण तिलाही फोर्टमध्ये नोकरी होती. डोंबिवलीत त्या काळी पाण्याची बोंब होती, वीज जायची, पावसाळ्यात रस्ते म्हणजे चिखल. पण फडके रोडला रात्री दहापर्यंत माणसं असायची, गणपतीच्या देवळात आरतीला गर्दी असायची, आणि उशिरा येणाऱ्या बाईला 'आज गाडी चुकली वाटतं' म्हणणारा एकतरी दुकानदार भेटायचा. तिने त्यावर पसंती दिली. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथे राहतात, याचं कौतुक मला. तिला त्या दुकानदाराचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच गल्लीने सोडवली नाही. व्ही.टी. ते डोंबिवली ४८ किलोमीटर. घर सुरक्षित आणि घराची वाट लोकलच्या दाराला लोंबकळत, हा सौदा आपण सगळ्यांनी केला. वस्तीचं मोजमाप करताना तो प्रवासही धरायला हवा, हे आपण अजून शिकलेलो नाही.

बढती मिळाल्यावर बदल्या सुरू झाल्या. दर तीन वर्षांनी नवीन गाव, आणि पुन्हा तोच प्रश्न. आमची एक पद्धत बसून गेली. जागा एकदा दुपारी बघायची आणि एकदा रात्री आठनंतर, आणि शक्य तर पावसात. इस्त्रीवाला आणि औषधवाला यांच्याशी बोलायचं, कारण वस्तीत कोण भांडतं आणि कोण आजारी आहे हे त्यांना माहीत असतं. पुण्याला बदली झाली तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांनी नदीकाठचं घर बघितल्यावर लगेच विचारलं, "एकसष्टचं पाणी कुठवर आलं होतं ते पाहिलंत का?" १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून खडकवासल्याचं धरणही गेलं, त्याच्या खुणा तिथल्या लोकांच्या मनात तेव्हाही ताज्या होत्या. मुंबईकरांना ही अक्कल २६ जुलै २००५ ला आली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा. तोवर कर्जासाठी येणारे नाल्याकडेच्या इमारतीची 'खुली बाजू' म्हणून तारीफ करत. नंतर मात्र प्रत्येक जण आधी नाला कुठे आहे ते विचारू लागला.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत आणखी एक स्थलांतर झालं, ते नोकरीसाठी नव्हतं. अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षांची मिश्र वस्ती सोडली आणि आपल्या लोकांत राहायला गेली. आपल्या रेल्वेमार्गावरचं मुंब्रा तेव्हापासून झपाट्याने वाढलं. आपण रोज गाडीतून ते बघतो आणि त्यावर काहीबाही बोलतोही. तिथे गेलेल्या घरांतल्या बायकांनीसुद्धा नळ, शाळा, रात्रीचे दिवे हेच प्रश्न विचारले असणार, पण निवड करायला त्यांच्यापुढे गल्ल्या फार थोड्या होत्या. २००५ साली गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी उपविधी मान्य केली. कायदा काय म्हणतो ते न्यायालयाने सांगितलं. आपण कसं राहायचं, ते आपल्या सर्वसाधारण सभेच्या हातात उरतं.

म्हणून शेवटी आपल्या इतिवृत्ताच्या वह्यांकडे येतो. लिहिण्यासाठी मी सगळ्या पुन्हा चाळल्या. पहिल्या दहा वर्षांत भाडेकरूंचा विषय जवळजवळ नाहीच. पाणी, गळती, पार्किंग, पुन्हा पाणी. मग आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली, सदनिका भाड्याने जाऊ लागल्या, आणि इतिवृत्तात 'बॅचलर', 'फक्त फॅमिली', 'चौकशी करून' असे शब्द यायला लागले. एप्रिल २०२० च्या नोंदीत एक विषय आहे. 'ब' विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या दोन परिचारिकांना रुग्णालयातून येण्यामुळे संसर्गाचा धोका आहे, तरी त्यांना जागा सोडायला सांगावं, अशी काही सभासदांची लेखी मागणी. निर्णयाच्या जागी 'विषय पुढे ढकलण्यात आला' असं आहे. तो पुढे कधीच आला नाही. त्या दोघी राहिल्या. त्या वर्षी 'अ' विंगमधल्या किती घरांनी त्यांना रात्री-अपरात्री ऑक्सिजन मोजायला बोलावलं, ते इतिवृत्तात नाही, पण आपल्याला माहीत आहे. मागणीवर सही करणाऱ्यांचीही घरं त्यात होती.

येत्या वार्षिक सभेपुढे अविवाहित भाडेकरूंना बंदी करणारा ठराव आहे. पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात हा विषय काढू नये, असं दोघा-तिघांनी मला सुचवलं. पण नियम काय आहेत तेवढं नोंदवून ठेवतो. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं, आणि कराराची व पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे शासनाने २००१ सालीच सांगितलं आहे. ओळखपत्र तपासा, करार तपासा, गोंगाट झाला तर खडसावा, हे मला मान्य आहे. बँकेतही आम्ही तेवढंच करत होतो. पण पहिल्यांदा पगार हातात पडलेली, पाठीवर एक बॅग असलेली मुलगी दारात उभी राहिली तर तिच्या लग्नाची चौकशी संस्थेने करावी, याला माझा विरोध आहे आणि तो मी सभेत मांडणार आहे.

ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सभेआधी एकदा कार्यालयात यावं. कपाटात वरच्या खणात 'आय' नमुन्यातली आपली सभासद नोंदवही आहे. पहिल्या पानांवर संस्थापक सभासदांचे आधीचे पत्ते सचिवांच्या सुबक अक्षरात लिहिलेले आहेत. त्यांतले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या नावापुढे 'यांच्या घरी, भाड्याने' असेच आहेत.